मुलुंड, प्रमाण १:१६०

२२ मार्च २०२० हा जनता कर्फ्यूचा दिवस. त्या रात्रीपासून मुंबईच्या लोकल गाड्या थांबल्या, त्या १५ जूनला, आणि तेव्हाही केवळ अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, पुन्हा धावू लागल्या. मधल्या बारा आठवड्यांत मुलुंडच्या आमच्या घरात एक विचित्र शांतता होती. रुळांपासून हाकेच्या अंतरावर माझे बहुतेक आयुष्य गेले आहे. गाड्यांचा आवाज ऐकू येतो का, असे कोणी विचारले असते तर मी प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर दिले असते. तो आवाज थांबला आणि मला पहाटे जाग येऊ लागली. कशाने जाग आली म्हणून कान द्यावा, तर कशानेच नाही.

त्याच दिवसांत केव्हातरी मी मुलीच्या खोलीतल्या टेबलाच्या खणातून तिची शाळेतली आलेखवही काढली आणि मुलुंड स्थानकाचा आराखडा मांडायला बसलो. खोली तेव्हा रिकामी होती. मुलगी आदल्याच वर्षी पुढच्या शिक्षणासाठी श्टुटगार्टला गेली होती, आणि विमाने बंद असल्यामुळे येण्याची शक्यताही नव्हती. खोली दहा फूट लांब, नऊ फूट रुंद. उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरात एवढी जागा एखाद्या छंदासाठी मोकळी मिळणे ही जवळजवळ अनैतिक गोष्ट आहे. पत्नीने दाराशी उभे राहून विचारले, "अहो, हे काय चाललंय?" मी म्हणालो, "काही नाही, नुसतं मोजतोय." हे उत्तर मी पुढची चार वर्षे देत राहिलो, आणि ते खोटेही नव्हते. या लेखात ज्या रेल्वेविषयी मी लिहितो आहे तिचा एकही स्लीपर आजवर पडलेला नाही.

छोट्या रेल्वेची गोष्ट प्रमाणापासून सुरू होते. जगात सर्वांत रूढ असलेले प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. त्यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. लोकलचा एक डबा साधारण एकवीस मीटर लांब धरला तर बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटरच्या आसपास जाते. तिला ८७ ने भागले की २ मीटर ८७ सेंटिमीटर उरतात. माझी भिंत ३ मीटर ५ सेंटिमीटरची आहे. म्हणजे या प्रमाणात लोकल खोलीत शिरली की खोली संपली. तिला निघायला किंवा पोहोचायला जागाच नाही. उरते ते एन प्रमाण, १:१६०, रुळांतले अंतर ९ मिलिमीटर. न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस या मापाच्या गाड्या बाजारात आणल्या. लहान घरांच्या देशात, म्हणजे जपानात, त्या विशेष रुजल्या यात नवल नाही. एन प्रमाणात बारा डबे दीड मीटरहून थोडे अधिक भरतात, एक किलोमीटर सव्वासहा मीटरचा होतो, आणि साडेपाच फुटी माणूस एका सेंटिमीटरवर येतो.

पण इथेही एक गोम आहे. एनचे ९ मिलिमीटर रूळ हे युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या मार्गाची प्रतिकृती आहेत. आपली रेल्वे साडेपाच फुटांची, म्हणजे १,६७६ मिलिमीटरची. १:१६० मध्ये तिचे रूळ साडेदहा मिलिमीटरवर हवेत. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण तो मुलुंडच्या रुळांवर नेऊन बसवला तर जवळजवळ पाव मीटर होतो. विकतचे रूळ घेतले की गाडी आपली आणि मार्ग त्यांचा, असा प्रकार होतो. देशीवादावर आपल्याकडे इतकी वर्षे जी चर्चा चालली आहे ती सगळी या दीड मिलिमीटरमध्ये मावते, असे मला एका रात्री वाटले होते. सकाळी अर्थातच वाटले नाही. गंमत अशी, की ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो १,४३५ मिलिमीटरच्याच मार्गावर धावते. म्हणजे घाटकोपरचे स्थानक करायला घेतले तर वरची मेट्रो मापात चोख बसेल आणि खालची, दीडशेहून अधिक वर्षांची जुनी रेल्वे तेवढी चुकेल.

बोरिवलीला राहणारे माझे एक स्नेही या छंदात माझ्यापेक्षा खूप मुरलेले आहेत. त्यांनी सुचवले, की हा हट्ट सोडा आणि नेरळ-माथेरान करा. १९०७ सालची दोन फुटी रेल्वे, डोंगर, नागमोडी वळणे, एक बोगदा; लहान जागेत नैसर्गिक दिसेल असे सगळे तिथे आहेच. सल्ला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. छोट्या रेल्वेचा खरा शत्रू म्हणजे वळण: खऱ्या मार्गावरची वळणे इतकी विस्तीर्ण असतात, की ती खोलीत आणायची तर खोली दिवाणखान्याच्याच काय, मैदानाच्या मापाची लागेल. माथेरानच्या गाडीला मुळातच तीव्र वळणे, त्यामुळे लबाडी कमी करावी लागते. पण मला सहल नको होती. माथेरानला आपण वर्षातून एकदा जातो, आणि जाताना तिथली गाडी बघतो. मुलुंडची गाडी कोणी बघत नाही. मला जे बघितले नव्हते ते मोजून काढायचे होते.

आता या छंदाला आपल्याकडे परंपरा नाही, हे साहेबी खूळ आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. भातुकली बाजूला ठेवली तरी दिवाळीचा किल्ला हा आपला लेआउट नव्हे तर काय? आमच्या इमारतीच्या जिन्याखाली दरवर्षी आम्ही तो करत असू. दगडविटांवर गोणपाट, त्यावर माती, मातीत पेरलेले अळीव, आणि गडाच्या माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज, जे उभे राहिले असते तर तटबंदी त्यांच्या गुडघ्याला लागली असती. प्रमाणाची ही बेपर्वाई मला आज फार शहाणपणाची वाटते. कोण मोठा आणि कोण लहान हे तिथे अंतराने ठरत नव्हते, महत्त्वाने ठरत होते. आपल्या जुन्या चित्रांतही तसेच असते. एका वर्षी कोणाच्या तरी मामाने आणलेली चावीची आगगाडी आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी फिरवली. शिवकाळात आगगाडी कुठली, असा आक्षेप इमारतीतल्या एका मास्तरांनी घेतला. आम्ही ती काढली नाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास किल्ला मोडला, माती पोत्यात भरून ठेवली, आणि कोणालाही वाईट वाटले नाही. मोडणे हा त्या खेळाचाच भाग होता. कायम टिकावे म्हणून काही बांधण्याची भानगड मी पहिल्यांदा आत्ता, साठीत करतो आहे.

कायम टिकणाऱ्याचे उदाहरण पाहायचे तर पुण्याला जावे लागते. कोथरूडमध्ये, कर्वे रस्त्यावरून आत, भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे; १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एका मोठ्या मंचावर सबंध शहर मांडलेले आहे: उड्डाणपूल, रोपवे, पोहण्याचा तलाव, आणि या सगळ्यातून धावणाऱ्या गाड्या. दिवे मालवतात, रात्र होते, घराघरांतून उजेड लागतो. ते शहर कुठलेच नाही. पुणे तर नाहीच नाही. एका माणसाच्या मनात आयुष्यभर वाढत गेलेले ते शहर आहे आणि म्हणून ते मोठे आहे, असे माझे मत आहे. या संग्रहालयाच्या रस्त्याचे नाव 'जी. ए. कुलकर्णी पथ' आहे. हयात धारवाडात इंग्रजी शिकवण्यात घालवलेले आणि अखेरीस पुण्यात १९८७ साली वारलेले जीए. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर खेळण्यातल्या गाड्या वेळेवर सुटतात आणि वेळेवर पोहोचतात. ज्याच्या कथांमधला एकही प्रवास धड पोहोचत नाही त्याच्या वाट्याला हे यावे! मी तिथून बाहेर पडलो तेव्हा पाटी पाहून एकटाच हसलो, आणि शेजारच्या लहान मुलाने त्याच्या आईकडे प्रश्नार्थक पाहिले.

असो. भाऊ जोशींच्या शहराला वर्ष नाही. माझ्या मुलुंडला ते लागणार होते, आणि तिथे मी अडकलो.

कारण खरे ठिकाण निवडले की वर्ष निवडावेच लागते. नाहूर स्थानक २००३ साली झाले. त्याआधी भांडुपनंतर थेट मुलुंड. सीमेन्सच्या जांभळ्या-पांढऱ्या गाड्या २००७ च्या अखेरीस आल्या, त्याआधीच्या पिवळ्या-तपकिरी. तारांमधला विद्युतप्रवाह फेब्रुवारी १९२५ मध्ये पहिली विजेची गाडी कुर्ल्याला गेली तेव्हापासून १,५०० व्होल्टचा एकदिश होता. तो टप्प्याटप्प्याने बदलत २०१६ पर्यंत सगळीकडे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती झाला. (छोटी रेल्वे मात्र अजून बारा व्होल्टच्या एकदिश प्रवाहावरच धावते. जुन्या लोकलची खरी वारस तीच.) फलाटाचे छप्पर, पादचारी पूल, जाहिरातींच्या पाट्या, रुळांलगतच्या भिंतीवरच्या घोषणा, सगळ्यांना साल आहे. कथा लिहिणाऱ्याला 'एके दिवशी' म्हणून सुटता येते. प्रतिकृती करणाऱ्याला येत नाही. त्याला पाटीवर काय लिहिले होते हे सांगावे लागते.

आधी मी १९८१ लिहिले. माझे कॉलेजचे वर्ष. पूर्वेला मिठागरे खूपशी उघडी होती, पश्चिमेला येऊरच्या डोंगराची रेघ अजून गच्च्यांच्या वर दिसत होती. मग ते खोडून २००२ केले. त्या वर्षी मुलगी चार वर्षांची होती आणि रविवारी दुपारी मी तिला पादचारी पुलावर गाड्या दाखवायला नेत असे. पुलाच्या जाळीतून ती प्रत्येक गाडीला हात करी. वर्ष नक्की झाले म्हणून मी शाईच्या पेनाने कोपऱ्यात लिहून टाकले.

आणि मग लक्षात आले, की १३ मार्च २००३ ला मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या लोकलमध्ये स्फोट झाला होता. दहाहून अधिक माणसे गेली. त्याआधी डिसेंबरात घाटकोपरला बसमध्ये, जानेवारीत विलेपार्ल्याला. मी ती संध्याकाळ विसरलो नव्हतो. मात्र माझ्या आराखड्यातले वर्ष आणि ती संध्याकाळ एकमेकांच्या इतकी शेजारी आहेत हे मला दिसले नव्हते. माझ्या कागदावरची गाडी स्थानकात येत होती, पुन्हा जात होती, पुन्हा येत होती. छोट्या रेल्वेत कधीच काही घडत नाही. तिथे कायम बिनघटनेचा दिवस असतो. सगळी कला त्या बिनघटनेपणाची असते. अपघात, चेंगराचेंगरी, रूळ ओलांडताना गेलेली माणसे, कोणाच्या तरी दप्तरासकट थांबलेली गर्दी, यांपैकी काहीच तिथे मांडले जात नाही, आणि कोणी मांडलेच तर ते विकृत वाटेल. पण न मांडणे हेही निर्दोष आहे का? मी पुन्हा १९८१ कडे वळलो. तिथे हा प्रश्न नव्हता, पण तिथे मुलगीही नव्हती, ही इमारत नव्हती, ही खोली नव्हती. तीन महिने वही बंद राहिली. शेवटी २००२ च राहिले, महिना नोव्हेंबर. हा निर्णय मी का घेतला याचे समर्थन माझ्यापाशी नाही.

इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना इथे लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'तला अंकल टोबी आठवला असेल. (बोर्हेसचा नकाशा आठवणे अशा वेळी सक्तीचे मानले जाते, मी तो मुद्दाम टाळतो.) नामूरच्या वेढ्यात टोबीला जांघेत जखम होते. ती कुठे झाली हे लोकांना समजावून सांगता येत नाही म्हणून तो आधी नकाशे जमवतो, मग कॉर्पोरल ट्रिमच्या मदतीने बागेतल्या हिरवळीवर तटबंद्यांच्या छोट्या प्रतिकृती बांधू लागतो, आणि पुढे तेच त्याचे आयुष्य होते. बाई वॉडमन त्याला जेव्हा विचारते, की जखम नेमकी कुठे झाली, तेव्हा तिला जे कळून घ्यायचे असते ते शरीराविषयी असते, आणि टोबी निरागसपणे नकाशावर बोट ठेवतो. हा प्रसंग मी वर्गात तीसेक वर्षे विनोद म्हणून शिकवला. मुले हसत. मीही हसे. आता मला कोणी विचारले, की हे मुलुंड कशासाठी, तर मी आलेखवही उघडून दाखवतो.

लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे, की लघुप्रतिकृतीत ज्ञानाचा क्रम उलटा होतो: खऱ्या वस्तूत आपण भागांकडून पूर्णाकडे जातो, प्रतिकृतीत पूर्ण आधी हाती येते. बघणाऱ्याच्या बाबतीत हे खरे असेलही. बांधणाऱ्याच्या बाबतीत, निदान आराखडा करणाऱ्याच्या बाबतीत, ते अजिबात खरे नाही. माझ्या हाती पूर्ण मुलुंड कधीच आले नाही. आले ते सारे भागच, आणि प्रत्येक भाग दुसऱ्याला जागा देत नव्हता. घाटकोपर ते मुलुंड हे बारा-तेरा किलोमीटरचे अंतर एन प्रमाणात पंचाहत्तर मीटरच्या पुढे जाते. म्हणून विक्रोळी-कांजूर-भांडुप सगळे गेले, एकटे मुलुंड उरले. फलाटाची लांबी निम्मी झाली. बारा डब्यांची गाडी नऊवर आली, नऊची सहावर. स्थानकापासून चांगल्या अंतरावर असलेले कालिदास नाट्यगृह फलाटाच्या पाठीशी आणून ठेवावे लागले, कारण त्याच्याशिवाय मुलुंड पश्चिम कसले? झवेर रोड राहिला. काटकोनात एकमेकांना छेदणाऱ्या गल्ल्यांपैकी दोन राहिल्या. पूर्वेचे काहीच मावले नाही. तिथे खिडकी आहे, आणि खिडकीतून खरे मुलुंड पूर्व दिसते, त्यावर समाधान मानले. काय वगळले तरी गोष्ट तीच राहते आणि काय वगळले की ती दुसरीच होते, हा प्रश्न कथेच्या अभ्यासकांना नवा नाही. मला तो इतक्या जवळून कधी भेटला नव्हता. सहा डब्यांची लोकल ही लोकल आहे का? मला वाटते, आहे. पण चारची नाही. का, ते सांगता येणार नाही.

माणसांचा प्रश्न सर्वांत बिकट ठरला. मुलीने एका वाढदिवसाला तिकडून प्रायझर कंपनीची सेंटिमीटरभर उंचीची माणसे पाठवली. श्टुटगार्टपासून चाळीसेक किलोमीटरवर ग्योपिंगेन आहे, मेर्कलिनचे गाव. तिथल्या सहलीत तिला आपल्या बापाचे खूळ पहिल्यांदा आदरणीय वाटले असावे. पाकिटात चोवीस माणसे होती. कोट, हॅट, हातात छत्री, एकाच्या खांद्यावर स्कीच्या पट्ट्या. पत्नीने, जिने या सगळ्या प्रकाराशी आपला संबंध नाही असे वेळोवेळी जाहीर केले होते, चष्मा बदलून त्यांतल्या तीन बायकांना बारीक कुंचल्याने साड्या रंगवल्या. एकीचा पदर चक्क खांद्यावरून खाली आला आहे. "कोटाच्या आत साडी आहे असं समजा," ती म्हणाली. पण चोवीस माणसांचे स्थानक म्हणजे संपाच्या दिवशीचे स्थानक. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसे असतात. तेवढी विकत घेणे शक्य नाही, रंगवणे शक्य नाही, आणि समजा केली, तरी मुंबईची गर्दी ही माणसांची बेरीज नसते. दारात लटकणाऱ्या माणसांचा जो एक घट्ट, हलता पुंजका असतो त्यातला माणूस सुटा करून दाखवता येत नाही. मी दुपारची वेळ निवडली त्याचे खरे कारण हे आहे. नोव्हेंबरातला रविवार, दुपारचे तीन. पुलावर दोन आकृत्या, एक मोठी, एक अर्ध्या सेंटिमीटरची. ती अर्ध्या सेंटिमीटरची आकृती पाकिटात होती. जर्मन पोरगा आहे, लाल टोपीचा. टोपी कापून टाकता येईल.

आता वळणाविषयी, ज्यावर हे सगळे अडले होते.

लोकलला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, तिला वळवावे लागत नाही. त्यामुळे मला अनेकांनी सुचवले, की वळणाची कटकट कशाला, या टोकाहून त्या टोकाला गाडी न्या आणि परत आणा. पण मुलुंड हे शेवटचे स्थानक नव्हे. चर्चगेटला गाडी येते आणि उलटी जाते; मुलुंडला ती येते आणि पुढे जाते. आलेली गाडी त्याच रुळावरून मागे गेली तर ते मुलुंड राहणार नाही. म्हणून दोन्ही टोकांना, डोंगराआड किंवा इमारतींआड लपवलेले, वर्तुळाकार वळण हवे, जिथून डाऊन गाडी फिरून अप होऊन येईल. काटो या जपानी कंपनीच्या तयार रुळांमध्ये २८२ मिलिमीटर त्रिज्येचे वळण मिळते, त्याच्या आत २४९ चे बसते. बाजूची जागा धरून प्रत्येक टोकाला पासष्ट सेंटिमीटर रुंदी लागते. बाकी सगळा मार्ग पस्तीस सेंटिमीटरच्या फळीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, दोन भिंतींना धरून जाईल. खाली पलंग, टेबल, सगळे जिथल्या तिथे.

चार मार्ग आणि एकात एक दोन वळणे अशी रचना केली, की एक मजेशीर चूक होते. स्लो मार्गांची जोडी एका बाजूला, फास्टची दुसऱ्या. त्यामुळे सर्वांत बाहेरचा डाऊन स्लो फिरून सर्वांत बाहेरच्या अप फास्टला मिळतो. म्हणजे गाडी जाताना स्लो असते आणि येताना फास्ट होऊन येते. ही चूक दुरुस्त करायची तर एक वळण दुसऱ्याच्या डोक्यावरून न्यावे लागेल. मी ती तशीच ठेवली. बोरिवलीचे स्नेही म्हणाले, की हा आराखड्यातला एकमेव प्रवासीहिताचा निर्णय आहे.

खिडकीकडचे टोक सुटले. दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात मुलीचे लोखंडी कपाट आहे, साडेसहा फूट उंच. फळी तिथे पोहोचते आणि कपाटाच्या कुशीला टेकते. वळण त्या कपाटाच्या जागेतून जाते. अन्य कुठूनही जात नाही. मी चार वर्षे हे टाळण्याचे उपाय शोधले. वळण पलंगावर आणून पाहिले. "झोपणाऱ्याच्या छातीवर लोकल आणणार का?" असे पत्नीने विचारले, आणि झोपणारी कोण हे आम्हा दोघांनाही माहीत होते. त्रिज्या कमी करून पाहिली. सहा डब्यांची गाडी तिथे रुळावरून उतरली असती. कपाट दुसऱ्या भिंतीला हलवावे तर दार पूर्ण उघडत नाही. 'कपाट काढा' हे वाक्य मात्र घरात कोणी उच्चारले नाही. त्यात तिचे कॉलेजचे कपडे आहेत, दहावीच्या वह्या आहेत, एक हार्मोनियम आहे जी तिने दीड वर्ष वाजवली. पत्नी दर पावसाळ्यानंतर ते सगळे बाहेर काढून उन्हात ठेवते आणि पुन्हा भरते.

मागच्या डिसेंबरात मुलगी तीन आठवड्यांसाठी आली. तिला तिथे आता कायमची नोकरी आहे. हे तिने फोनवर आधी सांगितले होते, आणि आम्ही आनंद व्यक्त केला होता. दुसऱ्या रात्री झोप लागेना म्हणून, तिकडची वेळ अंगातून गेली नव्हती, तिने टेबलावरची वही उघडली. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती जमिनीवर बसली होती, वही पुढ्यात, आणि माझी मोजपट्टी कपाटाच्या पायाशी. सतरा पानांवर मी त्या कोपऱ्याशी घेतलेली झटापट तिने बघितली होती.

"बाबा, हे कपाट काढून टाका ना," ती म्हणाली. "इथे वळण बसतंय."

"त्यात तुझं सामान आहे."

"दोन खोक्यांत मावेल. माळ्यावर टाकू." थोडे थांबून ती म्हणाली, "मी आले की बॅगेतूनच कपडे घालते, बघितलंत ना?"

मी बघितले होते. दारात तिची आई उभी होती. ती कधी आली ते मला कळले नाही. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने खोक्यांसाठी वाण्याला फोन केला, की चहाचे असतील तर द्या, साबणाची नकोत, कपड्यांना वास लागतो.

खोकी आली, जिन्याखाली पडून राहिली. मुलगी जानेवारीत गेली. वह्या तिने स्वतः चाळून निम्म्या रद्दीत टाकल्या, हार्मोनियम शेजारच्या मुलीला दिली. कपडे अजून कपाटात आहेत. थर्मोकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी असल्याने डोंगरासाठी जुनी वर्तमानपत्रे आणि प्लॅस्टर वापरायचे ठरले आहे; वर्तमानपत्रांचा गठ्ठा मी त्याच खोलीत रचून ठेवला आहे. सुतार माप घेऊन गेला. कोपऱ्यात उभे राहून त्याने विचारले, "कपाट धरून की सोडून?" पत्नी म्हणाली, "सोडून." त्याने भिंतीवर, कपाटाच्या कडेपासून पासष्ट सेंटिमीटरवर, पेन्सिलने एक खूण केली आहे.